हरकतीसाठी चौदा दिवस

माझ्या वडिलांना तोंडी विचारलेलं ऐकू येत नसे. कान उत्तम होते. शेजारी कुकर लागला की "पाटणकरांकडे तिसरी शिट्टी झाली" असं ते पेपरातून डोकं वर न काढता सांगत. पण "अण्णा, मी मंजिरीकडे जाऊ?" असं विचारलं की ते शांतपणे पान उलटत. मग मला आठवण व्हायची आणि मी अर्ज लिहायला बसायचे. आमच्या घरात अर्ज चालत. कपाटावर एका बाजूने कोरे कागद कापून ठेवलेले असत. त्यावर आधी 'माननीय कुटुंबप्रमुख यांचे सेवेशी', मग विषय, मग 'मार्फत : आई', आणि तळाला 'आपली आज्ञाधारक'. आई पोळ्या लाटता लाटता त्यावर पिठाच्या बोटाने सही केल्यासारखं करायची आणि म्हणायची, "घे, झालं मार्फत." अण्णा अर्ज वाचायचे, लाल पेन्सिलीने शुद्धलेखन दुरुस्त करायचे आणि खाली 'मंजूर' किंवा 'नामंजूर' लिहायचे. सहलीचा अर्ज एकदा 'तारीख घातलेली नाही' म्हणून परत आला होता. तारीख घालून पुन्हा दिला तोवर सहल जाऊन आली होती.

अण्णा कोर्टाजवळच्या एका वकीलसाहेबांकडे मुख्य कारकून होते. साहेबांचं काम सगळं जमिनींचं. त्या वर्षांत गंगापूर रोडवर द्राक्षबागा आणि पेरूच्या वाड्या तोडून प्लॉट पडत होते आणि प्रत्येक प्लॉट विकला जाण्याआधी पेपरात जाहीर नोटीस द्यावी लागे. अमुक मिळकत आमचे अशील विकत घेत आहेत, कोणाचा हक्क असेल तर चौदा दिवसांत हरकत घ्या, नाहीतर हक्क सोडला असं धरू. या नोटिसा अण्णा लिहीत. घरी मराठी टाइपरायटर होता. संध्याकाळी आईची फोडणी आणि अण्णांची टकटक एकाच वेळी सुरू होई, आणि दोन्ही आवाज थांबले की जेवायला बसायचं हे आम्हाला न सांगता कळे. दुसरे लोक राशिभविष्य वाचतात तसे अण्णा नोटिसा वाचत आणि दुसऱ्याच्या नोटिशीत चूक सापडली की त्यांची सकाळ छान जाई.

अण्णा सहाला घरी येत. आई चहा टाकायला उठली की ते म्हणत, "थांब, वैजू येऊ दे." माझा क्लास सव्वासहाला सुटे. मी मैत्रिणींशी रेंगाळून पावणेसातला येई, तोवर ते दाराकडे तोंड करून खुर्चीत बसलेले असत आणि मी चप्पल काढली की आईला म्हणत, "टाक आता." मला त्या खुर्चीचा भयंकर राग यायचा. ही हजेरी आहे, दुसरं काही नाही, असं मला ठाम वाटायचं. सोळाव्या वर्षी माणसाला सगळंच ठाम वाटतं. आता पन्नाशी उलटल्यावर मला भाजीत मीठ किती टाकायचं तेही ठाम वाटत नाही.

दहावीची परीक्षा झाली आणि मी एक मोठा अर्ज केला. विषय : अकरावीसाठी पेठ येथे कुसुमआत्याकडे राहण्यास परवानगी मिळणेबाबत. कुसुमआत्या अण्णांची धाकटी बहीण. नाशिकहून घाटापलीकडे, पेठ या तालुक्याच्या गावी, सरकारी दवाखान्यात नर्स होती, लग्न केलेलं नव्हतं, एकटी राहायची. दिवाळीच्या सुटीत मी तिच्याबरोबर लसीकरणाला पाड्यापाड्यांवर हिंडले होते. भाताची कापणी चालली होती, लोक नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं खायला घालत होते, आणि दहा दिवसांत मला एकदाही काही लिहून द्यावं लागलं नव्हतं. सगळं पेठ शिकायला नाशिकला यायला धडपडत असताना मी उलट्या दिशेला निघाले होते. अण्णांनी अर्ज दोन दिवस ठेवून घेतला. माझ्यासाठी त्यांनी कॉमर्स आणि टायपिंगचा क्लास आधीच ठरवला होता. अर्ज परत आला त्यावर लिहिलं होतं, 'नामंजूर. कारण देण्याची आवश्यकता नाही.'

माझ्या मैत्रिणीकडे, मंजिरीकडे, नुकतीच केबल आली होती. तिने मला सांगितलं की अमेरिकेत मुलांना आईवडिलांपासून कोर्टात सुटका मिळते. तिने मालिकेत पाहिलं होतं. पंधरा वर्षांची पोरगी न्यायाधीशापुढे उभी राहते, दोन वाक्यं बोलते आणि बॅग घेऊन निघते. मी दुसऱ्याच दिवशी अण्णा तालुका कचेरीत गेलेले पाहून वकीलसाहेबांच्या ऑफिसात गेले. साहेब भले गृहस्थ. डबा खात होते. त्यांनी मला त्यातली गुळपोळी दिली आणि सगळं नीट ऐकून घेतलं.

"आपल्याकडे असं काही नाही गं बाळ," ते म्हणाले. "अठरा होईपर्यंत तू कायद्याने अज्ञान. पालक म्हणजे वडील. लग्न केलंस तर गोष्ट निराळी, पण लग्नही अठराच्या आत करता येत नाही."

"म्हणजे काहीच मार्ग नाही?"

"मिळकतीला असतो तसा माणसाला नसतो," साहेब हसून म्हणाले. "मिळकत असतीस तर नोटीस दिली असती. चौदा दिवस हरकत आली नाही की मोकळी."

त्यांनी हे गंमत म्हणून सांगितलं. मी मात्र घरी येताना सायकलवर पूर्ण मजकूर जुळवला.

दर गुरुवारी अण्णांच्या नोटिसांचा गठ्ठा पेपरच्या ऑफिसात पोचवायचं काम सुटीत माझ्याकडे होतं. अण्णांचा गठ्ठा तिथे कोणी तपासत नसे. वीस वर्षांत त्यांच्या मजकुरात काना-मात्रेची चूक सापडली नव्हती, त्यामुळे तो थेट जुळणीला जाई. त्या गुरुवारी गठ्ठ्यात पाच नोटिसा होत्या. मी दिल्या तेव्हा सहा होत्या. शनिवारी सकाळी, सातपूरचा एक प्लॉट आणि कोणाचं तरी हरवलेलं खरेदीखत यांच्या मधोमध, चौकटीत छापून आलं :

'तमाम जनतेस या जाहीर नोटिशीने कळविण्यात येते की, तुकडी जिल्हा नाशिक, पोटतुकडी तालुका नाशिक, पैकी गंगापूर रोड येथील कु. वैजयंती दत्तात्रय, वय वर्षे सोळा, हिची चतुःसीमा येणेप्रमाणे : दक्षिणेस स्वयंपाकघर, पूर्वेस आई, पश्चिमेस वडील, उत्तरेस रस्ता. सदर वैजयंती निर्वेध व बोजारहित असून ती पेठ येथे कायम स्थलांतर करीत आहे. तरी तिच्यावर कोणाचा वारसा, गहाण, दान, बक्षीस, वहिवाट अगर अन्य कोणत्याही प्रकारचा हक्क असल्यास त्यांनी चौदा दिवसांचे आत मूळ कागदपत्रांसह राहते घरी लेखी हरकत घ्यावी. मुदतीत हरकत न आल्यास असा कोणाचाही हक्क नाही व असल्यास तो सोडून दिला आहे असे समजण्यात येईल. मागाहून तक्रार चालणार नाही.'

खाली आमचा पत्ता. मी मोरीच्या दाराआड उभी राहून अण्णांना वाचताना पाहत होते. त्या दिवसांत घरी कुरडयांचा घाट चालू होता. गॅसवर चीक रटरटत होता आणि आई पळी घेऊन त्याच्याशी झटत होती. अण्णांनी नोटीस एकदा वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग लाल पेन्सिल घेतली.

"चतुःसीमेत पूर्व आधी येते," ते म्हणाले. "मग पश्चिम, मग दक्षिण, मग उत्तर. दक्षिणेपासून कोणी सुरू करत नाही."

आईने पेपर ओढून घेतला. तिने वाचलं आणि पळी तशीच हातात धरून म्हणाली, "अहो, पोरीला दोन ठेवून द्या आणि विषय संपवा."

"नोटीस निघाली," अण्णा म्हणाले. "निघाल्यावर मुदत संपेपर्यंत कोणालाच काही करता येत नाही. मलाही नाही."

हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की मी मोरीतून बाहेर आले. मला आरडाओरडा अपेक्षित होता, त्याची तयारीही होती. त्याऐवजी अण्णांनी कपाटातून एक कोरी वही काढली, तिच्यावर 'हरकत आवक नोंदवही' लिहिलं, रकाने आखले, आणि बैठकीत टेबल ओढून दाराशी लावलं. सोमवारपासून ते ऑफिसातून दोन तास लवकर येऊ लागले. वकीलसाहेबांना त्यांनी रजेचं कारण काय दिलं होतं ते मला पुढे कळलं. 'घरी सुनावणी.'

पहिली हरकत शेजारच्या पाटणकर काकूंची. त्यांना मोतीबिंदू होता आणि मी रोज दुपारी त्यांना गोधडीसाठी सुया ओवून द्यायचे. त्यांनी वहीचं पान फाडून लिहून आणलं होतं की सुई ओवून घेण्याची त्यांची पाच वर्षांची वहिवाट आहे. अण्णांनी विचारलं, "पुरावा?" काकूंनी गोधडी पुढे केली. अण्णांनी ती उलगडून टाके पाहिले, नोंद केली आणि काकूंना पोच दिली.

दुसऱ्या दिवशी एक अनोळखी गृहस्थ स्कूटरवरून आले. पांढरे बूट, बगलेत चामडी पाऊच. प्लॉटचे दलाल. त्यांनी नोटिशीतलं गंगापूर रोड तेवढं वाचलं होतं.

"साहेब, कॉर्नरची आहे का?"

"तिसरा रस्ता सोडून आतल्या अंगाला," अण्णा म्हणाले.

"पण रोड टच आहे ना?"

"उत्तरेस रस्ता आहे."

"मग तर बेस्टच. एन. ए. झालीय?"

"दहावी झालीय," अण्णा म्हणाले. "निकाल यायचाय."

दलालांनी नोटीस पुन्हा, या वेळी सबंध, वाचली, माझ्याकडे पाहिलं, आईने पुढे केलेलं चिकाचं वाडगं निमूटपणे संपवलं आणि गेले. अण्णांनी शेरा मारला, 'गैरसमजातून. निकाली.'

तिसरी हरकत पिंपळगाव बसवंतहून मामा घेऊन आला. तो आईचा धाकटा भाऊ, द्राक्षांचा शेतकरी. बेदाण्याची पिशवी आईच्या हातात देऊन तो थेट टेबलापुढे उभा राहिला. "दाजी, मला लिवायचं जमत नाय, तुम्हीच लिवा. भाचीला लग्नात बोहल्यावर मामानी आणायची असती का नाय? तो हक्क माझा हाय. ही कायमची पेठंला गेली आन तिकडंच कुनी लगीन लावून दिलं, तर मी काय मोकळ्या हातानी बघत बसू?"

"तुझी हरकत जाण्याला आहे की लग्नाला?" अण्णांनी विचारलं.

"जाऊ द्या तिला कुठं बी. माझा हक्क लिवून ठेवा फक्त. मी लय लांबून आलोय."

अण्णांनी लिहिलं, 'मामाचा हक्क अबाधित.' मामा समाधानाने जेवायला बसला आणि जाताना मला दारात म्हणाला, "तिकडं थंडी लय असती. माझी घोंगडी घेऊन जा."

नवव्या दिवशी कुसुमआत्या आली. एसटीच्या धुळीने केस पांढरे झालेले, हातात करवंदांचा द्रोण. ती बसलीच नाही. "दादा, माझी हरकत लिही. ही माझ्या घरी कायमची यायला निघालीय आणि हे मला दवाखान्यात गोळ्यांच्या पुडीच्या कागदावर वाचायला मिळालं." मग ती माझ्याकडे वळली. "वैजे, मला विचारलंस तू?"

खरंच विचारलं नव्हतं. जगातल्या सगळ्या लोकांना मी नोटीस दिली होती, पण जिच्या घरात जायचं तिला एक पोस्टकार्डही टाकलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की मी आत जाऊन तिच्यासाठी पाणी आणलं आणि तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. आजही कोणी स्वातंत्र्याबद्दल भाषण करायला लागलं की मला तो पाण्याचा तांब्या आठवतो.

आत्याने शेवटी हरकत मागे घेतली, पण अटींवर. स्वतःचं पाणी स्वतः भरायचं. आठवड्यातून दोनदा तिच्याबरोबर पाड्यांवर पायी यायचं. "आणि माझ्या घरात कागद चालणार नाही," ती अण्णांकडे बघत म्हणाली. "जे असेल ते तोंडाने सांगायचं." अण्णांनी तिन्ही अटी लिहून घेतल्या. तिसरी लिहिताना त्यांचा हात जरा थांबला.

आईने मात्र काही लिहून द्यायला साफ नकार दिला. "नऊ महिने पोटात वागवली ती काय अर्ज देऊन?" ती म्हणाली. "तुम्ही घ्या हरकत. बाप आहात. तुमच्यापुढे कोणाचं चालणार?"

"आवक बघणाऱ्याने स्वतः हरकत घ्यायची नसते," अण्णा म्हणाले.

"मग आवक मी बघते."

"आणि माझ्याकडे कागद काय आहे?" ते म्हणाले. ते इतक्या हळू म्हणाले की आई उठून स्वयंपाकघरात गेली.

बाराव्या दिवशी दुपारी मी पाहिलं, अण्णांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली होती. माझं देवीच्या लसीचं कार्ड, शाळेची प्रगतिपुस्तकं, माझ्या जन्माचा दाखला असं सगळं त्यांनी जमिनीवर पसरलं होतं. दाखल्यावर माझं नाव नव्हतं. बारसं व्हायच्या आधी नोंद झाली होती, तिथे नुसतं 'मुलगी' लिहिलेलं होतं. अण्णा तो दाखला उजेडात धरून पाठपोट पाहत होते. मला वाटलं, साहेबांचं काहीतरी शोधताहेत. मी विचारलंही नाही. तोंडी विचारायची सवयच नव्हती.

आणि एक विचित्र गोष्ट व्हायला लागली होती. मी अण्णांच्या हरकतीची वाट पाहू लागले होते. सुरुवातीला धास्ती होती, आता उलट होतं. पाटणकर काकूंना मी सुईपुरती हवी होते, मामाला लग्नापुरती, दलालालासुद्धा पाच मिनिटं हवी होते. ज्यांच्यासाठी ही सगळी नोटीस दिली ते मात्र रोज टेबलाशी बसून दुसऱ्यांच्या हरकती मोत्यासारख्या अक्षरात उतरवत होते. चौदाव्या दिवशी दुपारी तीनपासून मी बैठकीत बसले. घड्याळ, पंखा आणि आईचं शेंगदाणे कुटणं एवढेच आवाज. साडेपाच वाजले. अण्णांनी पट्टी घेतली, वहीत खाली लाल रेघ मारली आणि टोपण लावलं.

"मुदत संपली," ते म्हणाले. "तू जाऊ शकतेस."

मी जिंकले होते. मी मोरीत गेले, नळ सोडला आणि पोटभर रडले. नळाखाली बादली ठेवायचं राहून गेलं, म्हणून आई बाहेरून ओरडली.

निकाल लागल्यावर जूनमध्ये मी निघाले. आदल्या दिवशी पाटणकर काकूंकडे बसून चाळीस सुया ओवून एका फडक्यात टोचून ठेवल्या. आईने कुरडया, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी एवढी बांधून दिली की कंडक्टरने ते पोतं खाली ठेवायला लावलं. अण्णा स्टँडवर आले होते. त्यांनी पुडक्यात बांधलेलं काहीतरी माझ्या पिशवीत सारलं. "तुझे कागद आहेत," ते म्हणाले. "मूळ प्रत. जपून ठेव." गाडी हलली तेव्हा ते फलाटावर उभे होते, पण हात वगैरे काही केला नाही. त्यांना ते येतच नसे.

घाट सुरू झाल्यावर मी पुडकं सोडलं. तीच नोंदवही. मी नुसती चाळायला म्हणून उघडली. हरकत क्रमांक एक, पाटणकर, अंशतः मान्य. दोन, दलाल, निकाली. तीन, मामा, अबाधित. चार, कुसुम, अटींवर मागे. त्याखाली लाल रेघ असायला हवी होती. पण रेघेच्या वर आणखी एक नोंद होती, चौदाव्या दिवसाची, सकाळी नऊची.

'हरकत क्रमांक पाच. हरकतदार : दत्तात्रय, मुलीचे वडील. हक्काचे स्वरूप : मुलगी घरी येईपर्यंत सायंकाळचा चहा न घेण्याची वहिवाट, बालवाडीपासून अखंड. कागदपत्रे : शोधली, आढळत नाहीत. निर्णय : पुराव्याअभावी फेटाळण्यात येत आहे.' खाली त्यांची सही. हरकतदार म्हणून एक आणि निर्णय देणारे म्हणून एक, अशा दोन सह्या.

शेजारी बसलेल्या बाईने मला विचारलं, "गाडी लागती का गं?" मी हो म्हटलं. तिने मला लिंबू दिलं आणि मी ते नाकाशी धरून पेठपर्यंत बसून राहिले.

आत्याच्या घरी कागद चालत नव्हता, म्हणून मी तिला तोंडाने सांगितलं की मला एक पोस्टकार्ड हवंय. त्यावर लिहिलं, 'हरकत क्रमांक पाचवरील अपील दाखल करून मंजूर करण्यात येत आहे. मुलगी दर शनिवारी सहाला येईल. चहा थांबवून ठेवावा.' ते कार्ड आजही माझ्याकडे आहे, कारण अण्णांनी ते उलट टपाली परत पाठवलं. लाल पेन्सिलीचा शेरा होता, 'तारीख घातलेली नाही.'

त्या शनिवारी घाटात एक ट्रक आडवा झाला होता. मी घरी पोचले तेव्हा आठ वाजून गेले होते. दार उघडं होतं आणि अण्णा दाराकडे तोंड करून खुर्चीत बसले होते. मी चप्पल काढली. ते मान वळवून आईला म्हणाले, "टाक आता."